ओटीचा नारळ

सोमवार, रात्री साडेदहा. पाऊस आहेच.

नारळ अजून जेवणाच्या टेबलावर आहे. सकाळपासून तीनदा उचलला, तीनदा होता तिथंच ठेवला. देवघरात नेऊन ठेवायला मन घेत नाही आणि फोडायला हात होत नाही. धाकटी रेनकोट चढवताना म्हणाली, "आत्या, मी जातो. त्या नारळाचं काय ते एकदाचं ठरीव," आणि गाडी चालू करून गेलीसुद्धा. तिला काय. तिनं कुठं त्याच्यावर हात ठेवून शपथ घेतलीय.

शपथ कसली, गंमत होती. गंमतच होती, असं मी कालपासून स्वतःला सांगतेय.

काल आमच्या रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या ऑनलाइन मीटिंगला सगळे होते. पुण्याचे कर्नल, नाशिकच्या डॉक्टरीणबाई, बंगळूरची ती निळ्या केसांची मुलगी, आणि लंडनला लेकीकडं गेलेल्या आजी, ज्यांचा आवाज आधी येतो आणि ओठ मागनं हलतात. कर्नलनी डिटेक्शन क्लबची माहिती आणली होती. 1930 साली इंग्लंडातल्या रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी काढलेला क्लब. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथाबाई, म्हणजे अगाथा ख्रिस्ती, आणि डोरोथी सेयर्स या अगदी सुरुवातीच्या सभासद. नवा सभासद घ्यायचा तर मेणबत्त्या लावून त्याला एका कवटीवर हात ठेवायला लावायचे आणि शपथ द्यायचे. कवटीला नावसुद्धा होतं, एरिक. एवढी मोठी माणसं, आणि खेळ बघा.

कर्नल म्हणाले, आपण वाचणारे असलो म्हणून काय झालं, आपणही घेऊ. कवटी नाही, नारळ चालेल. त्यांनी स्वतःचा आधीच सोलून ठेवला होता, तीन डोळे कॅमेऱ्याकडं करून. निळ्या केसांचीनं फुटबॉल आणला. लंडनच्या आजींना मिळाला कोबीचा गड्डा. मी स्वयंपाकघरात पळाले आणि हाताला लागला तो घेऊन आले. शेंडीचा, चांगला वाजवून घेतलेला, शुक्रवारी अंबाबाईच्या ओटीला म्हणून कपिलतीर्थ मार्केटातनं आणलेला.

हे माझ्या ध्यानात कधी आलं? हात ठेवल्यावर. पंधरा-वीस चौकटींतनं सगळे बघत असताना हात काढणार कसा?

मग कर्नल एकेक शब्द थांबून वाचायला लागले. छडा लावायचा तो अकलेनं. दैवी साक्षात्कार, बायकांची अंतःप्रेरणा, मंत्रतंत्र, हातचलाखी, योगायोग, देवाची करणी, यातल्या कशाचाही आधार घेणार नाही. मुळात खरंच तसं आहे, फेमिनाइन इंट्यूशन. तिथं आल्यावर कर्नल थांबले, चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "हे कलम आपल्या कोल्हापूरच्या मॅडमना लागू नाही." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मागच्या महिन्यात मी काय केलं ते इथं तरी लिहावं.

आमच्यात पद्धत अशी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अर्धं पुस्तक वाचून यायचं आणि आपापला संशयित सांगायचा. चौथ्या रविवारी उलगडा. जूनचं पुस्तक अगाथाबाईंचं होतं. नाव लिहीत नाही, माझा भरवसा नाही, पुढचं काहीतरी सांगून बसेन. मी दुसऱ्या रविवारी बरोबर नाव सांगितलं. एकटीनं. चौथ्या रविवारी सगळे थक्क. कर्नल म्हणाले, "ब्रिलियंट." कसं ओळखलंत? मी इंग्रजीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तोंडातनं निघून गेलं, फेमिनाइन इंट्यूशन. कुठंतरी वाचलेलं, सोपं, दोनच शब्द.

कसली इंट्यूशन. मी शेवटचं पान आधी वाचते.

पहिल्यापासून वाचते. पुस्तक हातात आलं की आधी मागनं उघडायचं, बडीशेप उचलतात तसं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. घरात माहीत आहे, पण घरात काय काय माहीत असतं.

खरं म्हणजे हे दादामुळं. पेठेतल्या घरात दादा दिवसाच्या भाड्यानं अर्नाळकर आणायचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यातली निम्मी तरी आमच्या माडीवर येऊन गेली असतील. झुंजार, धनंजय, काळा पहाड. रात्री दादा वाचायचा आणि सकाळी ते पुस्तक म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार. "घागरी भर, नाहीतर सांगतो खुनी कोण." मी भरायचे. "माझी सायकल पूस." पुसायचे. आणि एवढं राबून पुस्तक हातात यावं, तर पान सातवर कुणीतरी आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, 'मास्तर खुनी'. वर बाण काढून. त्या बाणवाल्याला मी अजून शोधतेय. तेव्हापासून ठरवलं, जे कळायचं ते आपणच आधी कळून घ्यायचं. शेवट कळला की दादाचं हत्यार बोथट. घागरी त्याच्या त्यानं भरल्या.

पण आता घागरी कुठायत? नळ येऊन किती वर्षं झाली.

काल रात्री झोप नाही. तीन वाजता उठून पाणी प्यायले आणि अंधारात तो नारळ दिसला, शेंडी वर करून बसलेला. मला स्वतःचीच दया आली. तीस वर्षं काउंटरवर बसले. हिशोब कधी चुकला नाही, पण कुणी 'ब्रिलियंट' म्हणालं नाही. रिटायर होताना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ, तेही पाच मिनिटं मागं पडणारं. साठीला येऊन पहिल्यांदा कुणीतरी हुशार म्हणालं, तेही इंग्रजीतनं, तेही कर्नलसारख्या माणसानं, आणि ते माझं नव्हतंच. चोरीचं. आणि काल तर दुसऱ्या टोकाला गेले. जुलैच्या पुस्तकाचाही खुनी मला माहीत होता, म्हणून मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं. आधी खोटी हुशार, मग खोटी बावळट, आणि त्यानंतर दहा मिनिटांत अंबाबाईच्या नारळावर हात.

वहिनीला फोनवर सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अहो वन्सं, अंबाबाईला काय इंग्रजी येत न्हाई व्हय? येतंय. पण तिला तुमचं आधीच ठावं हाय. शपथ घ्या न्हाईतर नका घेऊ." मग लगेच, "तो नारळ मला द्या. आषाढ संपायच्या आत एकदा पांढरा करायचाय." म्हणजे मी ज्याच्यावर शपथ घेतली त्याचं दूध काढून ती खसखशीबरोबर मटणाच्या सुपात ओतणार. मी म्हटलं, बघू.

तिकडं पावसाचं चाललंयच. दादाचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटापासनं लांब नाही. गेले चार दिवस तो तासातासाला फोन करतो. "राजाराम बंधारा किती?" मी मोबाईलवर पाणी किती फूट ते बघून सांगते. छत्तीस. सदतीस. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे आकडे कोल्हापुरात पाळण्यातल्या पोराला पाठ असतील. दुपारी दूधवाला आला तो 'किती झालं?' म्हणतच. रिक्षावाला, समोरच्या काकू, लाईटबिलवाला, सगळ्यांचं तेच. कुठं पाऊस पडतोय, धरणाचं किती सोडलंय, याच्याशी कुणाला फार देणंघेणं नाही, शेवटचा आकडा सांगा. 2019 ला ज्यांच्या माडीला पाणी लागलं त्यांना तर आकडा सांगितल्याशिवाय घास गिळत नाही. मला वाटलं, हे गावच्या गाव मागनं पान उघडून बसलंय, आणि मी एकटी नारळापुढं गुन्हेगार.

आमचे हे असताना डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस थांबा, मग कळेल. ते पंधरा दिवस मी

जाऊ दे. नारळाचं लिहीत होते.

तर त्या शपथेत एक गोष्ट आहे. ती लिहिणाऱ्याला आहे. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक पाद्री होता, तोही त्याच क्लबातला. त्यानं 1929 मध्ये दहा नियम घालून दिले. खुनी सुरुवातीलाच गोष्टीत यायला हवा. चोरवाट एकाहून जास्त नको. डिटेक्टिव्हच्या त्या बावळट मित्राची अक्कल साधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी. दहाच्या दहा नियम पुन्हा बघितले मी, पहाटे, चष्मा पुसून. वाचणाऱ्यानं काय करायचं याचा एकही नाही.

आणि अगाथाबाईंनी स्वतः काय केलं? त्यांच्या डिटेक्टिव्हचा, प्वारोचा, शेवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहिला आणि कुलपात ठेवून दिला. तो छापला 1975 साली. मधली तीसएक वर्षं लोक प्वारो वाचतायत, बाई नवी नवी पुस्तकं देतायत, आणि शेवटचं पान त्यांच्या तिजोरीत. त्या आधी शेवट लिहिणार, आणि मी आधी वाचला तर? शिवाय खुनी माहीत असला की तो चहा कसा ओततो ते बघायला जी मजा येते ती कर्नलना कधी कळायची नाही. ते चारशे पानं माळ्यावर संशय घेत बसतात. मी खुन्याशेजारी बसून त्याचा कप बघते.

वाचून संपवता न येणारी गोष्ट एकच, बाईंची स्वतःची. 1926 च्या डिसेंबरात त्या अकरा दिवस गायब होत्या. गाडी एकीकडं सापडली आणि त्या हॅरोगेटच्या हॉटेलात, नाव बदलून. आडनाव घेतलं ते नवऱ्याच्या त्या बाईचं. आत्मचरित्रात यावर एक अक्षर नाही. मागच्या महिन्यात यावर तासभर चर्चा झाली आणि मला बसवेना. मागचं पानच नाही म्हणजे काय? पण आज वाटलं, बाईंना तेवढं तरी झाकून ठेवू द्यावं. आम्हाला काय करायचंय.

हे सगळं खरं असलं तरी 'ब्रिलियंट' परत करावं लागणार. कारण कर्नलनी ऑगस्टचं पुस्तक माझ्या गळ्यात घातलंय. चर्चा मी चालवायची. इंग्रजीतनं. अगाथाबाई त्या क्लबच्या अध्यक्ष झाल्या त्यासुद्धा चारचौघांत भाषण करायला लागणार नाही म्हणून, जोडीला एक सहअध्यक्ष घेऊन. माझा सहअध्यक्ष कोण? धाकटीला विचारलं तर म्हणाली, "मी बसतो की मागं, टेबलाखाली. शब्द अडला की पाय ओढ."

पुस्तक सेयर्सबाईंचं आहे, 'द नाईन टेलर्स', 1934 चं. मी आपली समजले नऊ शिंप्यांची गोष्ट. तसं नाही. तिकडं पुरुष मेला की चर्चच्या घंटेचे नऊ टोल द्यायचे, ते हे टेलर. एक खेडं, बर्फ, घंटा वाजवणारी माणसं, आणि दुसऱ्याच्या थडग्यात सापडलेलं कुणाचं तरी प्रेत. आज संध्याकाळी आलं. पिशवीतनं काढलं आणि सवयीनं बोट मागच्या पानांत गेलंच होतं, तेवढ्यात समोर नारळ.

बोट काढलं. शिवणाचा डबा आणला. शेवटची चाळीसएक पानं एकत्र धरली आणि गोधडी शिवायची सुई घेतली. एका दमात चाळीस पानं जाईनात. मग दहा-दहाचे गठ्ठे केले, अंगुस्तान घातलं, पुस्तक गुडघ्याखाली दाबलं आणि कडेनं मोठा धावदोरा घातला, उशीच्या अभ्र्याला घालतात तसा. लाल दोरा, कारण काळा संपला होता. टेलरचं पुस्तक आणि शिवत बसलेली मी. हे इथं कुणी बघायला नव्हतं तेच बरं.

ठरलं ते असं. हा नारळ वहिनीचा, पांढऱ्याला. शुक्रवारी ओटीला दुसरा, आणि तो घरात आणायचाच नाही, परस्पर देवळात. कर्नलना सांगायचं, पण चर्चेच्या दिवशी, आणि आधी नाही. एवढं एक गुपित महिनाभर ठेवायला काय हरकत आहे?

एक मात्र झालं. तिसरा गठ्ठा शिवताना सुई वाकडी शिरली, ती बाहेर काढायला पान जरा उघडलं आणि एक शब्द दिसला. मी बघितला नाही, दिसला. 'वॉटर्स'. खुनी नाही, नाव नाही. नुसतं पाणी, तेही अनेकवचनात. म्हणजे शेवटी पाणी आहे कुठलंतरी. चढणारं का उतरणारं ते दोऱ्याच्या आत गेलं.

आत्ता दादाचा फोन येऊन गेला. या वेळी त्यानं विचारलं नाही, सांगितलं. "साडेअडतीस." मी म्हटलं, सामान वर घेतलं का? म्हणाला, गाद्या घेतल्या, अर्नाळकर राहिलेत, त्यांना सकाळी न्यायला ये. आणि ठेवून दिला. चढतंय का उतरतंय, ते विचारायचं राहिलं.