भेंडीचा वाडगा आणि ट्रेडमिलची मोटर

शनिवार, रात्री साडेदहा

आज माझ्या लेथला, लाकूड फिरवून कातायच्या यंत्राला, नवी मोटर बसली. चारही बोल्ट आवळले, पट्टा चढवला, नॉब जरासा फिरवला आणि स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, इतकं सावकाश फिरायला लागलं की फेसप्लेटवरची (लाकूड आवळायच्या चकतीवरची) खडूची रेघ एकेक फेऱ्याला डोळ्यांसमोरून जाताना दिसली. पाच मिनिटं मी नुसती बघत उभी होते. सहा वर्षांत ही लेथ अशी फिरताना पाहिलीच नव्हती.

लेथ गिरगावातल्या एका कातारी काकांची, लाकूड कातणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी दुकान आवरलं तेव्हा मी ती विक्रोळीच्या कन्नमवार नगरला घरी घेऊन आले. लाटणी, भोवरे, देव्हाऱ्याचे खांब, एवढ्यासाठीच केलेली लहान लेथ. अर्ध्या एचपीची मोटर, एकच पुली आणि एकच वेग, मिनिटाला १४४० फेरे. लाटण्याला तो वेग चांगला. पण २०० मिलिमीटर व्यासाचा ठोकळा १४४० वर फिरवला तर त्याची कड सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने पळते. त्यात ठोकळा ओला आणि एका अंगाला जड असेल तर काय होतं ते मी एकदा बघितलंय. टेबल जागचं हललं होतं, आणि मी भिंतीला पाठ लावून हात लांब करून बटण दाबलं होतं. त्यानंतर मोठं लाकूड चढवलंच नाही.

काका सांगायचे, लहानपणी कोकणात वडिलांच्या कातावर, म्हणजे जुन्या लेथवर, लाकूड फिरवायला ते दोरी ओढत बसायचे. तेव्हा मोटर नव्हतीच. दोरी ओढणाऱ्याची नजर वडिलांच्या हाताकडे. हत्यार टेकलं की जोर लावायचा, लाकूड थरथरलं की सैल सोडायचं. कुणी तोंडाने काही बोलायचं नाही. मोटर आली आणि दोरीवालं माणूस गेलं, ते ठीकच. एका पोराचं बालपण वाचलं. पण हाताकडे बघून वेग कमी-जास्त करणारंही कुणी उरलं नाही. मला तेवढं परत हवं होतं.

पहिला प्रयत्न चुकला, तोही लिहून ठेवते. गेल्या वर्षी जुन्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावला होता. वेग थोडा उतरला, मोटर घुमायला लागली, आणि दहा मिनिटांत वार्निश जळल्याचा वास. त्या मोटरचा वेग ठरतो विजेच्या ५० हर्ट्‌झवर. व्होल्टेज कमी केलं की वेग नाही, जोर जातो. व्होल्टेज निम्मं केलं तर जोर पावपटच राहतो. शिवाय वेग फार पडला की आतला स्विच स्टार्टिंगची वाइंडिंग, मोटर सुरू होण्यापुरतं तारेचं वेटोळं, पुन्हा जोडतो. ती वाइंडिंग दोन-चार सेकंदांपुरतीच असते, सतत करंट गेला की जळणारच. मोटर गेली.

म्हणून डीसी मोटर. ट्रेडमिलमध्ये असते ती, चुंबकाची. तिचा वेग व्होल्टेजच्या मागे चालतो, आणि हळू फिरतानाही जोर टिकतो. कुर्ल्याच्या भंगारात एका मोडलेल्या ट्रेडमिलच्या पोटात सापडली. दुकानदाराने काट्यावर टाकून तांब्याच्या हिशोबाने पैसे सांगितले, ९०० रुपये. पाटीवर १८० व्होल्ट, ६ ॲम्पिअर, ४२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. ट्रेडमिलचा मूळ बोर्ड पाण्याने गेलेला होता, तो तिथेच सोडला.

घरी येऊन कार्बन ब्रश काढले, फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे ठोकळे. एक अंगठ्याच्या पेराएवढा, दुसरा झिजून त्याच्या निम्मा, स्प्रिंग गंजलेली. ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळाकुट्ट. तळमजल्यावरचे वायरमन काका परळच्या गिरणीत मेंटेनन्सला होते. त्यांनी एमरीचा (खरखरीत) पेपर लावू दिला नाही, त्याची कणी फटींत अडकते म्हणाले. बारीक पॉलिश पेपरची पट्टी लावायची आणि दांडा हाताने फिरवत राहायचा. मग दातकोरणीने एकेका फटीतली कार्बनची भुकटी काढली. तासाभराने तांब्याचा गुलाबी रंग वर आला. मला वाटतं, या सगळ्या कामातला तोच तास मला सगळ्यात आवडला. नवे ब्रश लॅमिंग्टन रोडला मिळाले. थायरिस्टरचा डीसी ड्राइव्हही, म्हणजे नॉबप्रमाणे मोटरला कमी-जास्त व्होल्टेज देणारा बोर्ड, तिथूनच आणला. पट्टा आणि बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून.

पुल्यांचा हिशोब असा. मोटरवर ५० आणि ७५ मिलिमीटर, स्पिंडलवर १५० आणि १२५. दोन्ही जोड्यांची बेरीज २००, त्यामुळे पट्टा जवळपास तोच चालतो. पहिल्या जोडीवर शून्यापासून १४०० फेरे, दुसरीवर २५२० पर्यंत. पुली न लावता नुसत्या नॉबवर वेग कमी ठेवला असता तर मोटर रांगत फिरली असती, तिच्याच पंख्याचा वारा तिला पुरला नसता आणि लाकडाला हवा तो जोरही मिळाला नसता.

आजची दुपार गेली दिशेपायी. मोटरच्या दांड्यावर जड चक्र असतं, ते आट्यांवर बसवलेलं. या मोटरचे आटे उलटे. म्हणजे मोटर एकाच दिशेने चालवायची. दुसरीकडे फिरवली तर चक्र सैल होऊन निघून येणार. मी मोटर जशी बसवली होती तशी लेथ उलटी फिरत होती. वायरींची अदलाबदल केली की सुलट फिरते, पण मग चक्राचा भरवसा नाही. शेवटी मोटर काढून तोंड फिरवून बसवली, प्लेटला नवी चार भोकं. लोखंडाचा चुरा अजून नखांत आहे.

वायरिंग वायरमन काकांच्या देखरेखीखाली झालं. "पोरी, डावा हात पाठीमागे. एका वेळी एकच हात आत." या ड्राइव्हमध्ये नॉबच्या वायरींवरही मेन लाइनचा करंट असतो, म्हणून नॉब प्लास्टिकचा, डबा बंद, मोटरचं अंग आणि लेथ दोन्ही अर्थिंगला. आणि लाल-हिरव्या बटणांचा स्टार्टर. लाइट जाऊन आली तर लेथ आपोआप सुरू होता कामा नये, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

रविवार, रात्री

मागच्या पावसात सोसायटीतल्या भेंडीची फांदी पडली होती. भाजीची भेंडी नव्हे. पिवळी फुलं येणारी, समुद्रकाठी असते ती परसभेंडी. तिचा एक ओंडका टोकांना मेण लावून मी ठेवला होता. बाहेरून पांढरट, आत चॉकलेटी-तांबूस गाभा. हवाईत याच झाडाला मिलो म्हणतात आणि त्याचे वाडगे करतात, हे वाचल्यापासून तो माझ्या डोक्यात होता.

सकाळी कुऱ्हाडीने कोपरे उडवून फेसप्लेटवर चढवला. ३०० फेऱ्यांना टेबल डुललं, पण जागेवर राहिलं. वेग वाढवत नेला. ४०० ठीक. ५२० च्या आसपास पाय टेबलाला टेकले होते ते गुडघ्यापर्यंत झिणझिणले. ६१० ला सगळं एकदम शांत. पुन्हा खाली आले, पुन्हा ५२०, पुन्हा तीच थरथर. या टेबलाचा आणि या ओंडक्याचा तो वेग जमत नाही. पायऱ्यांच्या पुलीत वेग ठरलेलेच मिळतात, त्यात नेमका तोच वाट्याला आला असता तर मी दोष लाकडाला दिला असता.

गोल पटाशी टेकवली की सुरुवातीला वेग पडत होता. ड्राइव्हवर चार बारीक स्क्रू आहेत, त्यातला एक भार आला की व्होल्टेज आपसूक वाढवतो. तो पाव-पाव फेरा पुढे नेला. एका जागी मोटर उचक्या दिल्यासारखी मागेपुढे करायला लागली, तेव्हा तिथून केसभर मागे घेतला. मग हत्यार टेकलं आणि मोटरने आवाज फक्त जरा जाड केला, वेग सोडला नाही. मला कातारी काकांची दोरी आठवली.

ओल्या भेंडीची ढलपी लांब रिबिनीसारखी निघते, मनगटावर गार लागते. बाहेरचा आकार झाला, ओंडका तोलात आला, तसा वेग ९०० वर नेला. आतून कोरताना परत खाली आणला.

चारच्या सुमारास आई दारात येऊन उभी राहिली. "अगं, आज तुझं मशीन बंद आहे का? आवाजच नाही." मी तिला नॉब फिरवायला दिला. तिने तो इतक्या जपून फिरवला, जसा गॅस मंद करते तसा. मग म्हणाली, "याच्यात पीठ मळता येईल का गं, केवढा होणार हा?"

कड २० मिलिमीटर जाड ठेवली आहे. सुकताना वाकेल, मग पुन्हा चढवून गोल करायचा. त्याच्याच ढलप्यांत गुंडाळून कागदी पिशवीत घातला, कपाटाखाली, पंख्याचा वारा लागणार नाही असा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ८४० ग्रॅम. पिशवीवर पेनाने तारीख आणि वजन लिहिलं. पुढच्या रविवारी परत वजन करायचं.