इमटेक्सला जाताना नापास झालेला जॉब सोबत न्या

जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूला इमटेक्स या धातूकामाच्या मशीनच्या प्रदर्शनाला जायला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलो, तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांखाली एक अॅल्युमिनियमचं गिअरबॉक्स हाउसिंग होतं. पार्टीकडून, म्हणजे ग्राहक कंपनीकडून, नापास होऊन परत आलेलं. सोबत आमचा सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारा कारागीर, होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं लहान मशीन शॉप आहे, आणि मे महिन्यातल्या त्या लॉटनं आम्हा दोघांची झोप उडवली होती. बेअरिंग बसतं तो बोअर, म्हणजे भोक, ६२ एच७: व्यास बासष्ट मिलिमीटर, आणि सूट शून्य ते अधिक तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या बोअर गेजवर अधिक आठ दिसायचं, त्यांच्या सीएमएमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोजणी यंत्रावर, तोच जॉब उणे दोन. मशीन तपासलं, इन्सर्ट (कापणाऱ्या पात्या) बदलले, गेज कॅलिब्रेट करून आणलं. उत्तर मिळालं नाही.

वाटेत हरिहर लागतं. १९४१ मध्ये तिथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि तिथले लेथ देशभर गेले. आमच्या शॉपमधला जुना लेथही तिथलाच. आता तो कारखाना बंद आहे, पण लेथचा बेड अजून सरळ आहे. हरिहर आलं की मी खिडकीतून बाहेर बघतोच.

बेंगळुरूला थेट शहरात जाऊ नका, यशवंतपूरलाच उतरा. तिथून मेट्रोची ग्रीन लाइन धरली की शेवटचं स्टेशन मादावर, आणि प्रदर्शनाचं केंद्र बीआयईसी त्याला लागूनच. नागसंद्रापासून मादावरपर्यंतचा हा तुकडा नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी तुमकूर रोडवर रिक्षात बसून जो वेळ जायचा, तो आता हॉलमध्ये घालवता येतो. मुक्कामही यशवंतपूर किंवा दासरहळ्ळीच्या बाजूलाच करा. नोंदणी घरूनच ऑनलाइन करून निघा. जेवण बाराच्या आत उरका, एक वाजता रांगेत उभं राहणं म्हणजे दोन स्टॉल गमावणं. आणि जुने, पायात बसलेले बूटच घाला.

इमटेक्स भरवते ती इमटमा, मशीन टूल बनवणाऱ्यांची १९४६ पासूनची संघटना. सहसा एका वर्षी कटिंग (धातू कापणं), दुसऱ्या वर्षी फॉर्मिंग (धातू दाबून-वाकवून आकार देणं) असा क्रम असतो. आपल्यासारख्या जॉब शॉपवाल्यांनी कटिंगचं वर्ष चुकवू नये.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांसारखेच वाहवत गेलो. फाइव्ह अॅक्सिस, टर्न-मिल अशी मशीनं, जॉब लोड करणारे रोबो, मोबाइलवर स्पिंडल चालू की बंद ते दाखवणारी यंत्रणा. पाच वर्षांपूर्वी जे परदेशी स्टॉलवरच दिसायचं, ते आता आपल्या कंपन्यांकडे उभं आहे, हे बघून बरं वाटलं. रोबोबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. दोनशे-दोनशेचे लॉट आणि आठवड्याला चार सेटिंग असतील, तर आधी झिरो पॉइंट क्लॅम्पिंगवर खर्च करा. जॉब धरणारं फिक्स्चर काही मिनिटांत बदलून पुन्हा त्याच जागी बसतं, यात सुटणारे तास रोबोपेक्षा जास्त आहेत. आणि चिप तुटत नसेल, लांब गुंता जॉब धरणाऱ्या चकमध्ये अडकत असेल, तर रोबोला तो सोडवता येत नाही. टूल होल्डरच्या स्टॉलवर डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना टूल किती डगमगतं ते, दाखवायला सांगाच. टूल धरणारे आमचे घासलेले कोलेट आणि तिथला हायड्रॉलिक होल्डर यातला फरक सेटरनं स्वतःच्या हातानं मोजला, आणि आमची लहान ड्रिल एवढी का मोडतात ते त्याला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी हाउसिंग पिशवीतून काढलं आणि मोजमापाच्या साधनांच्या हॉलमध्ये गेलो. तिसऱ्या स्टॉलवर एक वयस्कर इंजिनिअर भेटले. जॉब हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शॉपमध्ये मे महिन्यात टेम्परेचर किती असतं?" आम्ही म्हणालो, चौतीसच्या आसपास. त्यांनी शंभर मिलिमीटरचा एक अॅल्युमिनियमचा ठोकळा एक मायक्रॉनच्या डायलखाली ठेवला आणि सेटरला म्हणाले, "याला मुठीत धरून राहा." मिनिटभरात काटा हलला. सात, आठ, नऊ. हात काढल्यावर तो लगेच परतला नाही, सावकाश मागे सरकत राहिला. सेटर हळूच म्हणाला, "मालक, म्हणजे गेज खोटं बोलत नव्हतं."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मापं धरायची ती वीस अंशांवर. १९५१ मध्ये आयएसओनं आपली पहिली शिफारस काढली ती याच तापमानाची. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण तेवीस मायक्रॉन वाढतं, पोलाद साडेअकरा. गेज झिरो करायची आमची सेटिंग रिंग पोलादाची, जॉब अॅल्युमिनियमचा. चौदा अंश जास्त, व्यास बासष्ट: फरक दहा मायक्रॉन. अधिक आठमधून दहा गेले की उरतात उणे दोन. आमच्या नापास शेऱ्यावरचा आकडा जसाच्या तसा कागदावर उतरला. मी तो कागद मागून घेतला.

म्हणून जाणाऱ्यांना मनापासून सांगतो, तुमचा सगळ्यात त्रासदायक जॉब सोबत न्या. ड्रॉइंगची प्रत नेताना पार्टीचं नाव आणि पार्ट नंबर झाकून न्या, त्यांचा विश्वास मोडू नका. मालकानं एकट्यानं जाऊ नये, सेटरला न्यावं. मशीन घ्यायचा विचार असेल तर डेमोच्या जॉबचा सायकल टाइम ऐकून भुलू नका, आपल्या जॉबवर ट्रायल मागा आणि वेळ लेखी घ्या. सर्व्हिस इंजिनिअर कोल्हापुरात राहतो की पुण्याहून येतो, हेही विचारा. मशीन बंद पडल्यावर हाच प्रश्न सगळ्यात महाग पडतो. शेवटचा दिवस टाळा, तेव्हा नीट बोलायला कोणी मोकळं नसतं.

परत आल्यावर आम्ही अॅल्युमिनियमचीच मास्टर रिंग बनवली, पृष्ठभाग कडक व्हावा म्हणून हार्ड अॅनोडाइज केली आणि लॅबमध्ये वीस अंशांवर कॅलिब्रेट करून घेतली. ती जॉबच्या शेजारी ठेवायची, दोघांचं तापमान एक झालं की तिच्यावर गेज झिरो करायचं. मशीनवरून उतरलेला जॉब लगेच मोजायचा नाही. मार्चच्या भर दुपारी बनवलेला लॉट पार्टीकडे गेला तेव्हा त्यांचं आणि आमचं माप दोन मायक्रॉनच्या आत जुळलं. रिंगच्या पेटीवर सेटरनं मार्करनं लिहून ठेवलंय: आधी अर्धा तास जॉबशेजारी.