डीएनए करायला आलेला माणूस आणि एक जुनी सिकलसेलची चिठ्ठी

मी नागपुरात रामदासपेठेत एका लॅबमध्ये सॅम्पल कलेक्शन आणि काउन्सेलिंग बघते, 9 वर्षं झाली. डीएनए टेस्ट आमच्याकडे होत नाही, आम्ही फॉर्म भरून घेतो, सॅम्पल घेतो आणि बाहेर पाठवतो. "बाप मीच का" हे विचारायला महिन्यातून एखादा तरी येतोच. बहुतेक जण आधी फोन करतात, नाव सांगत नाहीत, "मित्रासाठी विचारून राहिलो" म्हणतात. हा मात्र सरळ आला, मे महिन्यात, भर दुपारी दोनला, आणि 14 महिन्यांच्या पोराला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून गाडीवर समोर बसवून आणलं होतं. हिंगणा एमआयडीसीत कामाला होता, सेकंड शिफ्ट गाठायची होती त्याला.

"मॅडम, याची आन माझी डीएनए करा. घरी माहीत नाही. रिपोर्ट फोनवरच पाठवा जी."

मी फॉर्म दिला आणि सांगितलं की असं गुपचूप आम्ही करत नाही, पोराच्या आईची सही लागते आणि शक्यतो तिचं सॅम्पलपण. त्याला वाटलं मी नियमावर बोट ठेवून राहिली. म्हणून कागद घेतला आणि समजावलं, कारण हे कळल्याशिवाय आईचं सॅम्पल कशाला ते कळत नाही. टेस्टमध्ये डीएनएवरच्या वीसेक ठराविक जागा बघतात, मार्कर म्हणतात त्यांना, प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला एक बापाकडून. समजा पोराचे 12 आणि 15 आहेत, आईचे 12 आणि 14, तर 15 बापाकडूनच यायला पाहिजे. त्याच्यात 15 नसला तर तिथे जुळलं नाही. पण एका जागी नाही जुळलं म्हणून तो बाप नाही असं होत नाही, पिढी बदलताना एखादा आकडा बदलूही शकतो, बऱ्याच जागी जुळलं नाही तरच "नाही" म्हणतात. आणि सगळं जुळलं तर 99.99 टक्के वगैरे लिहून येतं, 100 कधीच लिहीत नाहीत. सख्ख्या भावावर संशय असेल तर ते आधीच सांगावं लागतं, कारण भावाभावांचे बरेच आकडे सारखे असतात. बोन मॅरो बदललेला असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तेही सांगायचं.

तो ऐकत होता पण लक्ष पोराकडे होतं, पोरगं त्याच्या शर्टाचं बटण चावत होतं.

मग मी विचारलं, संशय आला कुठून? हे मी प्रत्येकाला विचारते. काही लोकांना राग येतो पण मला वाटतं फॉर्मच्या आधीचा हाच खरा प्रश्न आहे. त्यानं प्लास्टिकची फाईल काढली. पोराचं एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी पक्की तपासणी, त्यात सिकलसेल एएस, म्हणजे वाहक. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, ए म्हणजे नॉर्मल आणि एस म्हणजे सिकलसेलचा, दोघांकडून एस आला की आजार, एकाकडूनच आला की नुसता वाहक. बायकोचं गरोदरपणातलं एचपीएलसी, एए, नॉर्मल. आणि त्याची स्वतःची कॉलेजात असताना कॅम्पमध्ये केलेली एक चिठ्ठी, शिक्का मारलेली, "सिकलसेल निगेटिव्ह". नात्यातली कोणी बाई दवाखान्यात काम करायची, तिनं म्हटलं होतं, आईबापात नाही तर पोरात आलं कुठून? तेव्हापासून दीड महिना हा माणूस झोपला नव्हता.

आता प्रश्न तर बरोबरच होता, तो एस आईबापापैकी एकाकडूनच येतो, आभाळातून पडत नाही. विदर्भात हे दुखणं घरोघरी माहीत आहे म्हणूनच त्या बाईला एवढं कळत होतं. पण मी ती चिठ्ठी बघूनच थांबले. कॅम्पमध्ये होते ती सोल्युबिलिटी टेस्ट, नळीत थेंबभर रक्त टाकायचं, पाणी गढूळ झालं आणि मागच्या काळ्या रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. ती चाळणी आहे, निदान नाही. केमिकल जुनं असलं, हिमोग्लोबिन कमी असलं, घाईत बघितलं, तर वाहकसुद्धा निगेटिव्ह येतो. त्याचं एचपीएलसी आयुष्यात कधी झालंच नव्हतं! म्हणजे एका घरात तीन रिपोर्ट, त्यातले दोन पक्के आणि एक कच्चा, आणि त्या कच्च्यावर संसार मोडायला निघाला होता.

मी म्हटलं, भाऊ, डीएनएला दहा हजारांच्या वर लागतात, आधी काहीशे रुपयांचं एचपीएलसी करा. तुम्ही एए निघाले तर डीएनएचं बोलू, पण बायकोला सोबत आणून. आणि कोर्टाचं डोक्यात असेल तर हा घरगुती रिपोर्ट तिथे चालायचा नाही. लग्नात झालेलं मूल कायद्यानं नवऱ्याचंच धरतात, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 112 होतं, 1 जुलै 2024 पासून साक्ष अधिनियमाचं 116 आहे. 2014 मध्ये आपल्या नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं डीएनए रिपोर्ट मानला हे खरं, पण 2023 मध्ये तिथेच सांगितलं की नवराबायकोच्या भांडणात पोराची टेस्ट सहजासहजी करायला लावू नका. मला ते फार पटतं. 14 महिन्यांच्या पोराला कोण विचारतं, तुझा गाल खरवडू का म्हणून?

त्यानं हात पुढे केला, मी रक्त घेतलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, एएस, हिमोग्लोबिन एस 37 टक्के. तो खुर्चीत बसूनच राहिला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की यानं तुम्ही बाप आहात हे सिद्ध होत नाही, वाहक तर या भागात खूप आहेत, पण ज्या कारणानं संशय आला ते कारण उरलं नाही, आता डीएनए करायची का ते तुम्ही ठरवा. तो म्हणे, "नाही जी. काही नाही करायचं." मग बऱ्याच वेळानं विचारलं, "म्हणजे मले रोग आहे का?" त्याला समजावलं, वाहक म्हणजे आजारी नाही, आणि बायको एए आहे म्हणून तुमच्या कोणत्याच पोराला हा आजार होणार नाही, फार तर वाहक होईल.

कोरा फॉर्म त्याच्या फाईलीतच राहिला. तो मी परत मागायला पाहिजे होता, माझ्या लक्षातच नाही आलं.

ऑगस्टमध्ये एक बाई आली, कडेवर तेच पोरगं. तिनं तो फॉर्म माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मला धस्स झालं. मी म्हटलं, ताई, मला दुसऱ्या कोणाबद्दल काही सांगता येत नाही, तुम्ही घरीच विचारा.

"विचारलं न मी. त्यायनं सांगितलं सगळं, रडले पण. मले फक्त पाहायचं होतं का यात माझी सही कुठं लागत होती."

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"मले विचारलं असतं तर मी त्याच दिवशी केली असती," ती म्हणाली आणि फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकला. मग दुसरी चिठ्ठी काढली. दिराचं लग्न जुळून राहिलं होतं, त्याचं एचपीएलसी करायचं होतं, तो बाहेर गाडी लावत होता.