‘नीट बस’

बडोदा, रविवार रात्र

चित्रातली बाई नेमकी कशाने बाई दिसते, हे तपासायचं तर एकच माणूस दोनदा काढावा. दोन कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाड कागद), ४बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल, प्रत्येकी २० मिनिटं. समोरच्या व्यक्तीने केस झाकून, अंगभर शाल घेऊन बसायचं. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात ‘पुरुष’ लिहायचं, दुसऱ्यावर ‘स्त्री’, आणि मगच रेघ ओढायची. पहिला कागद पालथा ठेवायचा, नाहीतर दुसरं चित्र त्याचीच नक्कल होतं. शिवाय सरावाने दुसरं चित्र सुधारतं, म्हणून पुढच्या खेपेला क्रम उलटा.

मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. बैठक तीच, शाल तीच, तरी ‘स्त्री’ची मान कललेली, मनगट बारीक, बोटं निमुळती, गुडघे जवळ आलेले. मुलींच्या कानी लहानपणापासून पडणारं ‘नीट बस’ पेन्सिलीच्या टोकापर्यंत पोचलेलं असतं. पेन्सिल हातभर समोर धरून गुडघ्यांमधलं अंतर डोक्याच्या उंचीच्या मापाने मोजावं, आणि मोजताना कोपर ताठ हवं. ते वाकलं की माप बदलतं आणि सवयीचं फावतं.

ही सवय येते कुठून? इथल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी महाराज सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. पुढे १८९४ मध्ये त्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि त्याच्या देवी, नायिका घरोघरी भिंतीवर आल्या. तो ऐटबाज नाजूकपणा डोळ्यांत इतका मुरलाय, की समोर मांडी ठोकून बसलेली आजीसुद्धा कागदावर अंग चोरून बसते. याचं फार वाईट वाटतं, कारण नऊवारी ही मोकळेपणाने वावरायची साडी. मागे खोचलेल्या कासोट्याच्या ओढीने मांडीवरच्या चुण्या तिरप्या जातात; गुडघा आणि पोटरी वेगळी कळते. गोल साडीसारख्या सरळ खाली सोडल्या, की पायच नाहीसे होतात. आधी पाय काढावेत, कापड नंतर.

पुरुषाच्या चित्रातही हेच, फक्त उलट दिशेने: खांदे उगाच रुंद होतात. इथेच राहून हिशेबनीसाची नोकरी करत चित्रं काढणाऱ्या भूपेन खख्खर यांनी १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात बाल्कनीत उभा नग्न पुरुष पाठमोरा काढला. त्या देहात कुठलाही वीरपणा नाही, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. तिसरा कागद असाच पाठमोरा घ्यावा, कोपऱ्यात काहीही न लिहिता. पाठीमागून पापण्या आणि ओठ मदतीला येत नाहीत. खांदे डोक्याच्या किती पट, एवढंच मोजून काढायचं.