आप्पांचा जपानी पास

परदेशी पर्यटकांना ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणाऱ्या जपानच्या रेल्वे पासबद्दल माझं मत विचाराल तर घेऊ नका. ऑक्टोबर 2023मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत 29,650 येनवरून थेट 50,000 झाली. टोकियो-हिरोशिमा जाऊन-येऊन सुटं तिकीट काढलं तरी 40,000च्या आत भागतं. वर सगळ्यात वेगवान बुलेट ट्रेनमध्ये, ‘नोझोमी’त, बसायचं तर पासावर आणखी पैसे मोजा, नाहीतर ‘हिकारी’नं जा आणि मध्ये गाडी बदला. हा सगळा हिशेब मी सोलापुरात जेवता जेवता मांडला होता. पण आप्पा रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. सोलापूर-दौंड, सोलापूर-वाडी करण्यात हयात गेली, आणि घरचं माणूस कुठंही गेलं तरी पासावरच. “तिकीट काढून रेल्वेत बसायचं? मी?” विषय संपला.

टोकियो झालं, क्योटो झालं. देवळं छान, गर्दी अफाट, आईचे गुडघे बेजार.

हिरोशिमाहून मियाजिमागुचीला लोकलनं अर्धा तासही लागत नाही. बसायला जागा होती, पण आप्पा सरळ पुढं जाऊन ड्रायव्हरच्या केबिनमागच्या काचेला चिकटले. आत पांढरे हातमोजे घातलेला पोरसवदा ड्रायव्हर, समोर खाचेत ठेवलेलं खिशातलं घड्याळ. सिग्नल आला की तो त्याच्याकडे बोट रोखायचा आणि काहीतरी मोठ्यानं म्हणायचा. केबिनमध्ये दुसरं कुणीच नाही. मला वाटलं, पोरगा स्वतःशी बडबडतोय. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. “अरे, सिग्नल कॉल करलालाय की!”

आपल्या इंजिनात असिस्टंट ‘होम, ग्रीन’, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल हिरवा, म्हणून ओरडतो आणि ड्रायव्हर तेच परत म्हणतो. डोळ्यानं बघून तोंडानं म्हटलं की डुलकी लागत नाही, नजरचूक होत नाही. इथं परत म्हणायला जोडीदार नाही, तरी एक सिग्नल मुका जात नव्हता. थोड्या वेळानं आप्पांचंही बोट वर जायला लागलं. ओठ हलत होते. शाळेच्या गणवेशातली दोन पोरं आधी खुदखुदली, मग त्यांच्याशेजारी उभी राहून तीही बोटं दाखवायला लागली.

तिथून मियाजिमा बेटावर नेणारी रेल्वेची बोटही पासात बसते, 100 येनचा कर तेवढा वेगळा. समुद्रातलं ते लाल तोरी, म्हणजे देवळाचं प्रवेशद्वार, बघायला जगभरातून लोक येतात. आप्पांनी ते “बरंय” म्हणून निकालात काढलं. आई हरणांपासून शेंगाचटणीची पिशवी वाचवण्यात गुंतली होती.

परत स्टेशनवर आलो तर आप्पांचा प्रश्न, “ही लाईन पुढं कुठं जाते?”

“इवाकुनी.”

“पास चालतो नव्हं?”

चालतो. आई म्हणाली, “निवृत्त झाले तरी यांची ड्युटी काही सरंना,” आणि गाडीत बसल्या बसल्या झोपली. इवाकुनीला पाच कमानींचा लाकडी पूल प्रसिद्ध आहे. आम्ही स्टेशनाबाहेर पडलोच नाही. परतीची गाडी फलाटाला लागली होती, आणि काचेमागची जागा दुसऱ्या कुणी पटकावायच्या आत आप्पांना गाठायची होती.