खुंटीवरच्या पिशव्या

पाळणाघराच्या दारातून आत गेलं की भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीला एक पिशवी. कुठल्या घरातलं पहिलं मूल आहे आणि कुठल्या घरातलं दुसरं, हे पिशवी न उघडता ओळखावं. पहिल्याची पिशवी सशाचे कान लावलेली, चार चेनची, गच्च भरलेली. दुसऱ्याची भाजीच्या पिशवीसारखी: वरून उघडी, हात घातला की हवं ते लागतं. मावशींच्या एका हातात ओलं मूल असतं, शोधायला दुसरा एकच हात उरतो. तेव्हा मत भाजीच्या पिशवीला.

कपड्यांचंही तेच. मूल आरशात कसं दिसतं हा सकाळचा प्रश्न. ‘मावशी, शू!’ हा दिवसभराचा. त्या हाकेनंतर हातात अर्धं मिनिट असतं, आणि डंगरीची बक्कलं, जीन्सचं बटण, नाडीची निरगाठ यातलं काहीच तेवढ्यात सुटत नाही. सैल इलॅस्टिकची, मुलाला स्वतः खाली ओढता येईल अशी सुती चड्डी, बस. सवय लावायचे दिवस असतील तर चड्ड्या पाच हव्यात, शर्ट दोन पुरतात. पिशव्यांत नेमकं उलटं निघतं: शर्ट चार, चड्डी एक. डायपर असेल तर दर तीन-चार तासांना एक आणि वर दोन जादा. पावसाळ्यात सगळ्याच जोडांची संख्या वाढवायची, कारण काल धुतलेलं आज कुबट वासासकट परत येतं. आणि टोपीच्या जॅकेटमधली गळ्याची नाडी घरीच ओढून काढावी. घसरगुंडीच्या कडेला ती अडकली तर फास बसतो.

पी-पी वाजणाऱ्या बुटांबद्दल एवढंच, की दुपारी दीडला डझनभर पोरं नुकती झोपलेली असतात.

खरा नाजूक विषय दागिन्यांचा. बारशाला आलेल्या बिंदल्या, वाळे, आजीने दृष्टीसाठी बांधलेले काळे मणी. ‘काढा’ म्हणायचं कोणी? पण मनगटावरचा दोरा दिवसातून दहा वेळा भिजतो, तोंडात जातो, कुजतो. एक दिवस तुटतो तेव्हा मणी फरशीभर होतात. ते ज्याच्या मनगटावरून सुटले त्याला काही होत नाही. शेजारी रांगणारं आठ महिन्यांचं बाळ मात्र सापडेल ते तोंडात घालतं. करगोट्याचं दुखणं निराळं. तो डायपरच्या इलॅस्टिकखाली दबतो, ओला राहतो आणि कमरेला लालभडक वळ उठवतो. आठवड्याच्या दिवशी हे सगळं देवघरात ठेवावं. सुट्टीच्या दिवशी घालावं आणि भरपूर फोटो काढावेत.

प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं, म्हणून पिशवीत आईचं काढून ठेवलेलं दूध येतं. ते 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण एप्रिलात आपल्याकडची खोली 25 अंशांची असते कुठे? बर्फाच्या पाकिटासोबत आणायचं, आल्या आल्या फ्रिजमध्ये. 60 ते 90 मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या कराव्यात, प्रत्येकीवर काढल्याची तारीख-वेळ. तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर ओतून द्यावं लागतं. मोठी बाटली भरली तर आईच्या कष्टाचं तेवढं मोरीत जातं.

जरा मोठ्यांचा डबा मुलाच्या ओल्या बोटांनी उघडतो का, हे आदल्या रात्री बघावं. मेतकूट-भात, तुकडे केलेलं थालीपीठ, उकडलेलं गाजर उत्तम. द्राक्षं उभी चिरून चार फाकी. अख्खं द्राक्ष नेमकं घशाच्या मापाचं असतं. शेंगदाणे, फुटाणे पाळणाघराच्या वयात नकोतच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको.

औषध पिशवीत गुपचूप ठेवायचं नसतं, मावशींच्या हातात द्यायचं, चिठ्ठीसकट. ‘ताप आला तर एक चमचा’ ही चिठ्ठी नव्हे. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही. चमचा तोच, मात्रा दुप्पट. औषधाचं नाव, किती मिलिलिटर, किती वाजता, आधीचा डोस कधी, हे सगळं लिहावं.

झोपायला आईच्या जुन्या साडीचं पातळ दुपटं. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी ते पहिल्या आठवड्यात धुऊ नये, वासावरच झोप लागते. तान्ह्याच्या अंथरुणात मात्र सुटं पांघरूण नसावं.

आणि नाव. डब्यावर सगळे लिहितात. हरवतात झाकणं! तेव्हा झाकणावर, बाटलीच्या टोपणावर, दोन्ही मोज्यांच्या तळव्यावर लिहावं. कपड्यावर मार्करची शाई काही धुण्यांत उडते. कॉलरच्या आत नावाची पट्टी शिवलेली बरी.

इतकं करूनही संध्याकाळी पिशवीत एक मोजा आपला निघतो आणि एक दुसऱ्याचा. उद्या परत द्यायचा म्हणून तो बाहेरच्या कप्प्यात जातो, आणि शुक्रवारी पिशवी धुवायला काढली की तिथेच सापडतो, तोवर मुलाच्या पायाला लहान झालेला.