आठ वर्षांत न विचारलेला प्रश्न

आज दवाखान्यात मंगळवार पेठेतले एक काका आले. वय ५८, तालमीत कमावलेलं शरीर. बीपीची चिठ्ठी घेऊन उठता उठता हळूच म्हणाले, "डॉक्टर, संडासला जरा रक्त पडतंय. मूळव्याधच असणार की." दोन महिने मलम लावत होते. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, थोरल्या भावाला पन्नाशीतच आतड्याचा कॅन्सर झालेला.

८ वर्षं ते माझ्याकडे येतायत. घरात कुणाला काय झालंय, हे मी कधी विचारलंच नाही. फार लागलं मनाला. सख्ख्या भावाला असेल तर काही त्रास नसतानाही चाळिशीतच तपासणी सुरू करायची असते. आतड्यातल्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा १० वर्षं लागतात, दुर्बिणीतून ती आधीच काढता येते. सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही. म्हणजे विचारायचं आम्हीच.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची, चिठ्ठी दिली. दारात थांबून म्हणाले, "धाकटी बहीण कागलला असते. तिलाबी सांगू?"

म्हटलं, आत्ताच फोन लावा, माझ्यासमोर.